करीट आणणार कुठून?

नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी करीट अंगठ्याखाली चिरडून ‘गोविंदा!’ म्हणून ओरडायचे, ही चाल अजून पुष्कळ घरांत आहे. पूर्वी करीट कुंपणावरून तोडून आणीत. आता ते मंडईत वाट्याने घ्यावे लागते. लोक याला महागाई म्हणतात. आम्ही म्हणतो, हा आपल्याच हातचा पराक्रम!

करीट काकडीच्या कुळातले. या कुळातल्या बहुतेक वेलींवर नरफुले वेगळी, मादीफुले वेगळी. माशीने पराग नेऊन टाकल्यावाचून फळ धरत नाही. वांग्याचा तर थाटच निराळा. त्याच्या फुलातला पराग बारीक छिद्रांत दडलेला असतो. भुंगा फूल मिठीत धरून अंग थरथरवतो, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसा तो झरतो. मध देणाऱ्या मधमाशीला ही विद्या येत नाही! आणि या भुंग्याचे आपण काय करतो? वाशाला भोक दिसले, की रॉकेल ओततो. भारतात माश्यांच्या ७०० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या कितीतरी मोहोळ न बांधता एकेकट्या उघड्या मातीत बिळे करून राहतात. त्या मातीवर आपण फरश्या घातल्या.

गेल्या साली आमच्या इमारतीच्या टाकीखाली आग्यामोहोळ लागले. “पोरांना चावेल,” चिटणीस म्हणाले. भीती खोटी नव्हे. डिवचलेले आग्यामोहोळ जिवावर उठते. परंतु आग्या माशी मुळात फिरस्ती. हंगाम सरला की आपण होऊन उठून जाते. आम्ही थोडे आठवडे मागितले. त्याच संध्याकाळी औषधवाला आला, आणि सकाळी केरसुणीने माश्यांचे ढीग लोटले गेले.

आता त्याच मंडळींनी अंगणात विलायती हिरवळ आणि परदेशी मधमाशीची पेटी ठेवण्याचा ठराव केला आहे. गावची विहीर बुजवून दारात टँकर उभा करण्यातलाच हा प्रकार! महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. ते केवळ पेट्यांच्या बळावर नव्हे. भोवतालच्या रानात जांभूळ, हिरडा, गेळा फुलतात, म्हणून तिथली सातेरी माशी नांदते. फुलोराच नसेल तर पेटीत माशीने राहून खावे काय?

आम्ही फार मागत नाही. कुंपणाला निर्गुडी, अडुळसा लावा. एखादा शेवगा वाढू द्या. तुळशीच्या सगळ्याच मंजिऱ्या खुडू नका. कोपऱ्यात वाळका बांबू पडू द्या आणि हातभर माती उघडी ठेवा. घराची शोभा जाते म्हणणाऱ्या गृहिणींना (आमच्या घरातल्या धरून!) आमची विनंती एवढीच, की पुढचे भरले वांगे खाताना त्या भुंग्याची आठवण ठेवावी.

यंदा मागल्या भिंतीवर करीटाची वेल आपोआप चढली आहे. दिवाळीच्या सफाईआधी ‘हे रान’ काढा, अशी चिटणिसांची चिठ्ठी आली. चतुर्दशीपर्यंत थांबा, तुमच्या घरीही दोन करीटे पोचवू, असे उत्तर आम्ही धाडले आहे.