प्रतबंदी आता रयतेसाठी व्हावी

जमिनीच्या प्रश्नाची चर्चा आपल्या चळवळीत बहुधा मालकीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. जमीन कोणाची, हा प्रश्न मूलभूत आहेच. परंतु जमीन कशी आहे, हा प्रश्नही गौण नाही. कमाल धारणा कायद्याखाली मिळालेली जमीन निव्वळ मुरमाड असेल, तर भूमिहीनाच्या पदरात पडतो तो केवळ सातबाऱ्याचा उतारा.

मातीची पाहणी सरकारला नवी नाही. गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालानुसार मुंबई इलाख्यात मातीचा पोत व खोली पाहून जमिनीची प्रतबंदी होऊ लागली. हेतू होता सारा ठरविण्याचा. उलट, अमेरिकेने १९६६ साली कायदा करून मृद सर्वेक्षणाचे साहाय्य शेतीपुरते न ठेवता स्थानिक संस्थांच्या नियोजनासाठीही खुले केले. भांडवलशाही देशाला जे उमगले, ते समाजवादाचा उच्चार करणाऱ्यांना परके वाटू नये.

आपल्याकडे १९७६ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेने १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे तयार केले. काम मोलाचे आहे. पण त्या नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अडीच किलोमीटर. त्यात तालुका कळतो, शिवार कळत नाही. गावाच्या नियोजनाला १:१०,००० प्रमाणाचा नकाशाच हवा.

ही उणीव मृद आरोग्य पत्रिकेने भरून निघत नाही. २०१५ च्या त्या योजनेत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे मातीचा एक नमुना धरला होता. महाराष्ट्रातील सरासरी धारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे सरासरीने सात खातेदारांमागे एक नमुना! शिवाय ती पत्रिका अन्नद्रव्ये व खतांचे सांगते. मातीची खोली, उतार व निचरा यांचे सांगत नाही. बांध कोठे व कसा घालावा, हे तर त्यांवरच ठरते. खोल काळ्या जमिनीत समपातळी बांध घातला की पाणी तुंबते, पीक सडते आणि पुढे बांधही फुटतो. अशा वेळी मातीबरोबर रोजगार हमीवरील मजुराचे श्रमही वाहून जातात.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत मृदसंधारण हा पंचायतींचा विषय आहे. विषय गावाकडे गेला, ज्ञान मात्र कचेरीतच राहिले. ज्ञानावाचून दिलेला अधिकार म्हणजे नुसती जबाबदारी.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. गटवार मृदनकाशा मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावला जावा. संधारणाचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी सर्वेक्षकाने ग्रामसभेत तो समजावून द्यावा. अकृषिक परवाना देताना मातीची प्रत विचारात घेतली जावी, म्हणजे शहरालगतची कसदार जमीन प्लॉट पाडणाऱ्यांच्या घशात जाणार नाही. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच विचारावा : आमच्या शिवाराचा नकाशा कोठे आहे?