दोन नर गिनीपिग आणि पिंजऱ्यातली 'दादागिरी'



मुलांच्या हट्टापायी हल्ली बऱ्याच घरांत गिनीपिगची जोडी येते. कुत्र्याला जागा नाही, मांजर सासूबाईंना चालत नाही, मासे हातात घेता येत नाहीत, म्हणून मग गिनीपिग. दुकानदार सांगतो, "दोन्ही नर घेऊन जा, पिल्लांची कटकट नाही." सल्ला तसा वाईट नाही. पहिले काही आठवडे दोघं एकमेकांना चिकटून झोपतात, फोटो काढून होतात. आणि मग एक दिवस त्यातला एक दुसऱ्याला पिंजराभर पळवायला लागतो, त्याच्या पाठीवर चढतो, दात वाजवतो. मुलं रडकुंडीला येतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "हा दुष्ट आहे, याला देऊन टाका."

माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक वेळा तो दुष्ट नसतो, आणि ते भांडणही नसतं. आपल्याला त्यांची भाषा वाचता येत नाही, म्हणून आपण घाबरतो. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कधीकधी ते खरोखर भांडण असतं, आणि तेव्हा "असू दे, त्यांचं ते बघून घेतील" म्हणणं म्हणजे क्रूरपणा. या दोन्हींतला फरक ओळखता येणं, हेच पाळणाऱ्याचं खरं काम आहे.

आधी प्राण्याची ओळख. गिनीपिग डुक्कर नाही आणि गिनी देशातलाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागातला. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं, तेही मांसासाठी. पेरू देशात त्याला 'कुय' म्हणतात आणि आजही खातात. (मुलांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगतो.) तो कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवता येत नाही, त्याला जोडीदार लागतोच. म्हणजे "एक देऊन टाका" हा उपाय देऊन टाकलेल्यासाठी वाईट आहेच, पण मागे उरलेल्यासाठीही वाईट आहे.

आता दोन नर एकत्र आले की काय होतं? वरचढ कोण, हे त्यांना ठरवायचं असतं. त्यातला एक घशातून घुरघुर आवाज काढत, कंबर डावी-उजवीकडे हलवत, अगदी मिरवणुकीत चालल्यासारखा दुसऱ्याभोवती फिरतो. मागचा भाग जमिनीला घासत जातो, कारण तिथल्या ग्रंथीचा वास ठेवून 'ही जागा माझी' असं सांगायचं असतं. दोघं समोरासमोर येऊन नाकं वर उचलतात. ज्याचं नाक आधी खाली आलं, त्याने माघार घेतली. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढतो. एक दुसऱ्याला चांगल्या घरट्यातून उठवून स्वतः जाऊन बसतो. ज्याला उठवलं तो किंचाळतो, आणि तो आवाज ऐकून आपल्या पोटात गोळा येतो. पण ते किंचाळणं पुष्कळदा दुखल्याचं नसतं. "बरं बाबा, तू मोठा, आता सोड" असं ते असतं. ते ऐकून दुसरा थांबला, की विषय संपला.

पाठीवर चढण्याबद्दल एक गोष्ट बोललीच पाहिजे. मुलं विचारतात, "हे काय करतायत?" आणि मोठी माणसं एकतर हसतात, नाहीतर विषय बदलतात. दोन्ही नकोत. "प्राणी पिल्लं होण्यासाठी असं करतात, आणि कधी कधी आपण वरचढ आहोत हे दाखवायलाही करतात" एवढं साधं उत्तर मुलाला पुरतं. आपण लाजलो की त्याला वाटतं, काहीतरी घाणेरडं पाहिलं.

धोक्याची चिन्हं वेगळी असतात. दात कटकट वाजवत राहणं, मानेवरचे केस ताठ होणं, तोंड मोठं उघडून दात दाखवणं (जांभई समजून फसू नका), आणि तोंडावर झेप घेणं. यातलं एखादं क्षणभर दिसलं तर लक्ष ठेवा. सगळी एकत्र दिसली, तर एखादी उशी किंवा फळकूट मध्ये घाला. दोघं एकमेकांना गच्च धरून गोल गोल लोळायला लागले, रक्त दिसलं, तर लगेच वेगळे करा. मात्र नुसता हात घालू नका, जाड टॉवेल टाका. भांडणाऱ्या गिनीपिगला तुमचा हात आणि शत्रू यांतला फरक त्या क्षणी कळत नाही, आणि त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहणारे, धारदार असतात. खोल चावा असेल तर डॉक्टरकडे न्या. आणखी एक छुपं लक्षण आहे. दबलेला गिनीपिग कोपऱ्यातून हलत नाही, खायला येत नाही, वजन उतरतं. म्हणून आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोघांचं वजन करा आणि वहीत लिहा. मुलांना हे काम फार आवडतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं गिनीपिगच्या सामाजिक वागण्याचा अभ्यास केला. काही नर मोठ्या कळपात वाढवलेले होते. काही एकेकटे, किंवा फक्त एका मादीसोबत. पुढे त्यांची अनोळखी गिनीपिगशी गाठ घातली. कळपात वाढलेले नर फारसं न भांडता आपली जागा शोधून घेत. एकटे वाढलेले मात्र भांडण ओढवून घेत, त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक वाढे, वजन घटे. फरक कशाचा? वयात येताना मोठ्या नरांसोबत राहून, दबून, माघार घेऊन ते वागायला शिकलेले होते. म्हणजे 'नर आहे, भांडणारच' हे खरं नाही. न भांडणं शिकावं लागतं, आणि ते शिकायचं एक वय असतं.

मराठीत 'दादा' म्हणजे मोठा भाऊ आणि 'दादा' म्हणजे गल्लीतला गुंडही. त्या कळपातले मोठे नर पहिल्या अर्थाचे दादा होते. आपल्या पिंजऱ्यातल्या दोघांना मात्र असा कुणी मोठा मिळालेला नसतो. तीन-चार महिन्यांच्या वयापासून साधारण वर्षाचे होईपर्यंत दोघंही एकाच वेळी वयात येत असतात. सातवी-आठवीच्या वर्गात कुणी मोठं माणूसच नसावं, तसं ते.

इथे एक सावधगिरी. मुलं हल्ली रील पाहून 'अल्फा' हा शब्द वापरतात, आणि पिंजऱ्यात बघून लगेच म्हणतात, "सर, हा अल्फा आहे, मी पण अल्फा." प्राण्यांतली उतरंड हा अभ्यासाचा विषय झाला १९२० च्या दशकात, नॉर्वेच्या थॉरलीफ श्येल्डरूप-एब्बे यांनी कोंबड्यांच्या टोचण्याचं निरीक्षण केलं तेव्हा. 'अल्फा लांडगा' लोकप्रिय करण्यात डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाचा मोठा हात होता, आणि पुढे त्यांनीच दाखवून दिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. शाळेतल्या मारकुट्या मुलाला गिनीपिगचं उदाहरण देऊन 'हे नैसर्गिकच आहे' म्हणणं मला मुळीच मान्य नाही. गिनीपिगमध्ये वरचढपणा ठरला की शांतता येते. मारकुटं पोर मात्र ठरल्यावरही थांबत नाही. शिवाय पिंजऱ्यातला दबलेला प्राणी पळून जाऊ शकत नाही, हे तर आपणच केलेलं असतं.

म्हणून खरा उपाय बहुधा जागेचा आहे. दुकानात मिळणारा तो दीड-दोन फुटांचा पिंजरा दोन नरांसाठी तुरुंगच. निदान दहा-बारा चौरस फूट सपाट जागा द्या. सगळं दोन-दोन हवं: पाण्याच्या दोन बाटल्या, गवताचे दोन ढीग, दोन घरटी, आणि प्रत्येक घरट्याला दोन दारं, म्हणजे कुणी आत कोंडला जाणार नाही. सुकं गवत भरपूर, सोबत कोथिंबीर, ढोबळी मिरची. आपल्यासारखंच त्यांच्याही शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच द्यावं लागतं. जवळपास मादी ठेवू नका, तिच्या नुसत्या वासानेही जुने दोस्त भिडतात. जोडी जमत नाही म्हणून तिसरा नर आणू नका, बहुतेक वेळा बिघडतं. आणि थोडं पळवापळवी झाली की वेगळं, संध्याकाळी पुन्हा एकत्र, हा खेळ करू नका. दर वेळी त्यांना वरचढपणा पहिल्यापासून ठरवावा लागतो. रक्त आलंच असेल, तर मध्ये जाळी लावून शेजारी-शेजारी ठेवा. वास येतो, आवाज येतो, सोबत राहते.

काही शिक्षक विचारतात, वर्गात जोडी ठेवू का? मी नाही म्हणतो. शनिवार-रविवार कोण बघणार, आणि एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत त्यांचं काय होणार? पंचवीस-सव्वीस अंशांच्या वर त्यांना त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे तेवढं तर फेब्रुवारीतच होतं. त्यापेक्षा ज्याच्या घरी आहेत त्या मुलाला आठवडाभराची नोंदवही करायला सांगा: कोण कुठे झोपला, कोणी कोणाला उठवलं, नाक आधी कोणाचं खाली आलं. फक्त 'भांडले' हा शब्द वापरायचा नाही, प्रत्यक्ष काय दिसलं तेच लिहायचं. बघा किती अवघड जातं ते, मुलांनाही आणि आपल्यालाही.