कारखाने तिकडे, कारागीर इकडचे

मोटारसायकल घेताना आपण कंपनीचे नाव पाहतो, हप्ता विचारतो, नारळ फोडतो आणि गाडी दारात उभी करतो. त्या गाडीतला बराचसा भाग त्या कंपनीने घडवलेलाच नसतो, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ब्रेक एकाचा, शॉकअॅब्सॉर्बर दुसऱ्याचा, दिवे तिसऱ्याचे, वायरिंग चौथ्याचे. कंपनी इंजिन जुळवते, गाडी उभी करते आणि टाकीवर आपले नाव लावते. रोजगाराचा खरा पसारा असतो तो भोवतालच्या सुट्या भागांच्या शेडमध्ये. आमच्या बुलढाणा जिल्ह्याने गेली चाळीस वर्षे या शेडना माणसे पुरवली. शेड मात्र इकडे फारशा आल्या नाहीत.

हा धंदा आपल्या देशात आपोआप उगवलेला नाही. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत गाड्या जुळवायला सुरुवात केली, तेव्हा भाग पेटाऱ्यांतून बोटीने येत. इथे फक्त नटबोल्ट आवळायचे. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ची. पण खरे वळण आले १९५३ साली. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने बजावले, की टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवणार असाल तर राहा, नाहीतर निघा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्यांना भाग हवे होते आणि ते बनवणारा कोणीतरी इथेच उभा राहणे भाग होते. बंगळूरला १९५१ साली सुरू झालेल्या मायकोने पुढे नाशिकला कारखाना काढला. नीलकंठराव कल्याणी यांनी १९६१ साली स्थापलेल्या भारत फोर्जचा पुण्यातला मुंढव्याचा कारखाना १९६६ साली चालू झाला. पुढे सरकारने काही सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखूनही ठेवले. उदारीकरणानंतर या धोरणांना नावे ठेवण्याची फॅशन आली. तरी आज आपण परदेशी गाड्यांना क्रँकशाफ्ट पुरवतो, त्याचे मूळ त्या आडमुठ्या वाटणाऱ्या निर्णयात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या भागाशी याचा संबंध आला १९८५ साली. बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि तेव्हाच्या औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, रूप पालटले. बजाज घराण्याचे भाचे अनुरंग जैन यांनी त्याच सुमारास अॅल्युमिनियमचे ओतीव भाग बनवायला घेतले. तीच पुढची एन्ड्युरन्स. त्यांचे जुळे बंधू तरंग जैन यांनी व्हेरॉक उभी केली. दोन्ही कंपन्या पुढे शेअर बाजारात आल्या, २०१६ आणि २०१८ साली. मामाच्या कारखान्याचा आधार होता हे खरे. पण त्यांच्याभोवती ज्यांना मामा नव्हता अशीही कितीतरी माणसे चार लेथ टाकून उभी राहिली, आणि त्या लेथवर देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखलीची मुले गेली. देऊळगाव राजाहून वाळूज शंभर-सव्वाशे किलोमीटर. खोलीत पाच जण, रात्रपाळी, दिवाळीला गावी आणि सोयाबीनच्या सोंगणीला चार दिवस सुटी, असा तो हिशेब.

हे चित्र आम्हाला नवे नाही. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव ही जेमतेम १३ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली, ती कापसासाठी. गाठी मुंबईला जात, तिथून बोटीने विलायतेला. कापड मात्र बाहेरून येई. आज पोरे जातात आणि त्यांनी बनवलेल्या भागांची गाडी हप्त्यावर परत येते.

मग इकडे काहीच आले नाही का? आले. खामगावला हिंदुस्थान लिव्हरचा साबणाचा कारखाना आला आणि त्याने अनेक घरे उभी केली. पण साबणाला तेल लागते, वेष्टन लागते; त्याला शेजारी पन्नास पुरवठादार लागत नाहीत. गाडीला लागतात. शासनाने १९६४पासून मागास तालुक्यांना सवलती दिल्या, एमआयडीसीने भूखंड पाडले. करमाफीने एखादा कारखाना येतो, पण त्याच्यामागे पुरवठादारांची रांग येईलच असे नाही.

यात बँकांचाही वाटा आहे. उमेदीची वर्षे मी त्याच टेबलावर काढली म्हणून सांगतो. कर्ज मागायला आलेल्या पोराला आम्ही आधी सातबारा विचारत असू, हातात ऑर्डर आहे का हे नंतर. आणि ऑर्डर असली तरी माल गेल्यावर पैसे कधी येतील याची शाश्वती नसे. कच्च्या मालाचे पैसे रोख, बिल मात्र तीन-चार महिने अडकलेले. वर्कशॉप बुडते ते इथे, कारागिरीत नव्हे. उशिरा दिलेल्या पैशावर व्याजाचा कायदा १९९३ साली झाला, २००६च्या कायद्याने ४५ दिवसांची मुदत आली. पण एकाच गिऱ्हाइकावर जगणारा पुरवठादार त्याच्यावर दावा लावील कसा? एका गिऱ्हाइकाचे ओझे किती असते ते बड्यांनाही चुकलेले नाही. जनरल मोटर्सने १९९९ साली आपला सुट्या भागांचा विभाग डेल्फी म्हणून वेगळा काढला. २००५ साली ती अवाढव्य कंपनी दिवाळखोरीत गेली.

आता पुन्हा फासे पडत आहेत. विजेच्या गाडीला स्पार्क प्लग नको, पिस्टन नको, इंजेक्टर नको. ज्यांनी आयुष्यभर तेच बनवले त्यांची झोप उडाली आहे. पण तिला ब्रेक लागतात, सस्पेन्शन लागते आणि वायरिंग तर भरपूर लागते. वायरिंगचे जुडगे बांधणे हे हाताचे काम आहे. त्याला भट्टी नको की जड यंत्र नको, ते हलके असते आणि ट्रकने कुठूनही जाते. त्यात बायकांना गावाजवळ काम मिळू शकते. मेहकर आणि सिंदखेड राजा आता समृद्धी महामार्गावर आहेत. २०२२च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून संभाजीनगर काही तासांवर आले आहे. तिथल्या ऑरिकमध्ये विजेच्या गाड्यांचे कारखाने यायला निघाले आहेत.

तेव्हा पुढारी मंडळींना विनंती, की ‘जिल्ह्यात मोटारीचा कारखाना आणू’ असे भाषण पुरे. संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे; तिची एक शाखा चिखली किंवा खामगावला मागा. शेगावात १९८३पासून, म्हणजे वाळूजच्याही आधीपासून, गजानन महाराजांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याला या कामात घ्या. आणि जिल्ह्यातल्या बँकांना सांगा, की वाळूजला दहा-पंधरा वर्षे काढून गावी परतू पाहणारा फिटर आला, तर त्याचा सातबारा बाजूला ठेवून आधी त्याची ऑर्डर वाचा.