झाडीपट्टीतला वसंत

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा असला, तरी पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतील गोंदिया जिल्ह्यात तो माघाच्या अखेरीस सुरू होतो आणि चैत्र अर्धा सरेपर्यंत संपत आलेला असतो. पुढे पारा चाळीस अंशांकडे जातो, आणि वैशाखात उरतो तो निव्वळ उन्हाळा. थंडी मात्र येथे कडक असते. समुद्रापासून दूर, उत्तरेच्या कोरड्या वाऱ्यांच्या वाटेवर हा जिल्हा आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो. धान निघालेल्या बांध्यांत तेव्हा लाखोळीचे पीक उभे असते. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांपाशी माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. यात्रा उठते त्याच सुमारास जंगलाचा रंग बदलू लागतो.

हे जंगल पानझडीचे आहे. पावसाळ्यानंतर जमिनीतील ओल उतरत जाते, तशी झाडे पाने गाळून आपले पाणी राखतात. पळस आणि काटेसावर फुलतात ते याच उघड्या फांद्यांवर. पाने आड येत नसल्याने लाल-केशरी फुले पाखरांना लांबूनही दिसतात. सावरीची फुले जाड पाकळ्यांची, मधाने भरलेली. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर सकाळभर त्यांवर असतात आणि एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर नेतात. हिवाळी पाहुण्या भोरड्याही परतीच्या प्रवासाआधी थव्यांनी याच झाडांवर उतरतात. पळस पाहायला दाट रानात शिरण्याची गरज नाही. तो शेताच्या धुऱ्यावर, गावालगतच्या झुडपी जंगलात अधिक असतो. त्यामागोमाग कुसुमाला पालवी फुटते, तीही आधी तांबडी आणि मग हिरवी. अनेक जण ती लांबून फुलेच समजतात.

आवाजही याच दिवसांत वाढतात. तांबट दुपारभर ठोकत राहतो, पावशा आणि कोकीळ पहाटेपासून ओरडतात. राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते. नर एका अरुंद फटीतून तिला आणि पुढे पिलांनाही वड-उंबराची फळे भरवतो. त्यासाठी जुनी, पोकळ झालेली झाडे लागतात. निरुपयोगी म्हणून असे झाड तोडले की धनेशाचे घरच जाते.

या जिल्ह्याचा वसंत निम्मा तलावांवर घडतो, आणि पर्यटक नेमका तोच भाग सोडून जातात. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, मालगुजारी तलाव आणि शेतांतल्या बोड्या म्हणजे लहान तळी यांनी हा मुलूख भरलेला आहे. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधील खिंडी अडवून बांधला. आज त्याच्याभोवती 1975 मध्ये घोषित झालेले राष्ट्रीय उद्यान आहे. वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली यांनी येथे काढलेल्या वर्षांनी मराठी निसर्गलेखनाला मोठी देणगी दिली. हिवाळ्यात या पाण्यावर लालसरी, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे असतात. काही तलावांवर पट्टेरी राजहंसही उतरतात. फाल्गुनात पाणी आटू लागते, उत्तरेकडे बर्फ वितळण्याचे दिवस जवळ येतात, आणि हे थवे निघतात. राजहंस हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियातील सरोवरांकडे जातात. निघण्यापूर्वीचे काही आठवडे ते भरपूर खाऊन चरबी साठवतात. या काळात होड्या घालून किंवा छायाचित्रासाठी जवळ जाऊन त्यांना वारंवार उडवणे म्हणजे प्रवासाची शिदोरी हिसकावून घेणे.

सारस मात्र कुठेच जात नाही. माणसाएवढा उंच हा पक्षी महाराष्ट्रात आता जवळपास गोंदिया आणि त्याच्या शेजारच्या परिसरापुरता उरला आहे, आणि त्याची संख्या काही डझनांत मोजावी एवढीच आहे. तो पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे करतो. वसंतात आटत्या तलावांच्या काठी, परसवाड्यासारख्या ठिकाणी, जोड्या आणि मोठी झालेली पिले चरताना दिसतात. सारसाचे भवितव्य अभयारण्यात ठरत नाही. ते शेतकऱ्याच्या बांधीत, तेथे फवारल्या जाणाऱ्या कीटकनाशकात आणि शेतावरून जाणाऱ्या वीजतारांत ठरते. घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याला पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळणे, हे या पक्ष्यासाठी कोणत्याही फलकापेक्षा महत्त्वाचे आहे.

मार्चच्या मध्यानंतर मोह गळू लागतो. फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपाटप खाली पडतात. मांसल, पिवळसर, साखरेने भरलेली. बाया-पोरे टोपल्या घेऊन अंधारातच निघतात. त्याच झाडाखाली त्याच वेळी अस्वल येते, चितळ-सांबर येतात. अस्वलाची नजर मंद असते. अचानक समोर माणूस आला की ते हल्ला करते, म्हणून जाणती माणसे एकटी जात नाहीत आणि बोलत-खाकरत चालतात. वाळवलेली फुले हे अनेक घरांसाठी उन्हाळ्यातील रोकड उत्पन्न आहे. हा हक्काचा हंगाम आहे, त्याला चोरी समजणे अन्याय्य आहे.

संकट आहे ते आगीचे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि वाऱ्याबरोबर आग रानात पसरते. त्यात कोवळी रोपे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, कासवे आणि सरडे जळतात. एप्रिल 2021 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलातील वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर मृत्युमुखी पडले. 2013 मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात 2023 साली ब्रह्मपुरीच्या जंगलातून वाघिणी आणून सोडल्या गेल्या. त्या टिकायच्या तर चितळ-सांबरांना चारा हवा आणि चाऱ्यासाठी रान न जळलेले हवे. वनविभाग 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत आगीचा हंगाम मानून जाळरेषा काढतो. पण जाळरेषा आग अडवते, ती लावण्याचे कारण दूर करत नाही. मोहाखाली जाळे किंवा जुन्या साड्या अंथरल्या, की पाचोळा पेटवावा लागत नाही, फुले मातीला लागत नाहीत आणि स्वच्छ मालाला भावही बरा मिळतो. ही जाळी माघातच, फुले गळण्याआधी, ग्रामसभांमार्फत गोळा करणाऱ्यांच्या हाती पडली पाहिजेत.