मुखपत्राचा खर्च कोणी सोसावयाचा?

निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे सत्यशोधक समाजाचे मूलतत्त्व. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापिलेल्या या समाजाचा विचार गावोगाव पोहोचावा म्हणून कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक काढले. काळ दुष्काळाचा होता. ज्या शेतकऱ्यासाठी पत्र निघाले, त्याला बहुधा ना अक्षरओळख होती, ना वर्गणी देण्याची ऐपत. आर्थिक ओढगस्तीमुळे ते चालविणे भालेकर यांना अशक्य झाले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून पुन्हा सुरू केले आणि १८९७ मध्ये प्लेगने मृत्यू येईपर्यंत चालविले.

मुंबईत धर्मसुधारणेच्या या पत्राला गिरणी कामगारांच्या दैन्याचा विषय मिळाला. लोखंडे यांनी लावून धरलेली साप्ताहिक सुटीची मागणी १८९० मध्ये मान्य झाली. आज रविवारी विश्रांती घेणाऱ्या कारकुनाने आणि शिक्षकाने हे ऋण विसरू नये.

परंतु याच पत्राची एक कसोटी फसली. फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे छापल्यावर पुढील प्रकरणे छापण्याचे धैर्य ‘दीनबंधु’ला झाले नाही. चळवळीच्या प्रवर्तकालाच तिच्या मुखपत्रात जागा नाकारली गेली. याचा सारा दोष लोखंडे यांच्या माथी मारणे सोपे आहे. तथापि, ज्या पत्रामागे भक्कम वर्गणीदार नाहीत, त्याला सरकारी रोषाची जोखीम पेलणे कठीणच असते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

खानदेशाला हा इतिहास परका नाही. धुळ्याचे शरद पाटील यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला आणि ‘सत्यशोधक मार्क्सवादी’ हे नियतकालिक चालविले. जळगाव-धुळ्याच्या कापूस उत्पादकाला ‘असूडा’तील कर्जाचे आणि नाडवणुकीचे वर्णन आजही अनोळखी वाटणार नाही.

म्हणूनच अशा नियतकालिकांचे जुने अंक येथील महाविद्यालयांनी व वाचनालयांनी जपले पाहिजेत आणि पगारदार वाचकांनी चालू अंकांची वर्गणी नियमित भरली पाहिजे. फुकट अंक वाचणाऱ्याला संपादकाच्या भित्रेपणावर टीका करण्याचा अधिकार उरत नाही. वर्गणीदार मात्र हक्काने विचारू शकतो : पुढील प्रकरणे का छापली नाहीत?