ड्रोन आले, शिवारातील विजेचे काय?

पिकांवर औषध फवारणाऱ्या ड्रोनच्या किमतीची चर्चा पुष्कळ होते. तो ज्या विजेवर उडतो, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. १५ हजार महिला बचतगटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के पण कमाल ८ लाख रुपये अनुदान आणि उरलेली रक्कम कर्जाऊ, असे तिचे स्वरूप ठरले. ड्रोनसोबत चार जादा बॅटरीसंच व चार्जर देऊन दिवसाला २० एकर फवारणी गृहीत धरण्यात आली. कागदावर हा हिशेब चोख आहे. नांदेड-लातूरच्या शिवारात तो अडखळतो.

दहा लिटरची टाकी घेऊन उडणाऱ्या ड्रोनची बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत उतरते. तीत साधारण एक युनिट वीज मावते आणि ती पुन्हा भरण्यास पाऊण ते एक तास लागतो. उडून तापलेली बॅटरी आधी निवू द्यावी लागते, तो वेळ निराळा. एका संचावर दीड एकर धरला, तर पाच संचांत सात-आठ एकरच होतात. उरलेल्या बारा एकरांसाठी बॅटऱ्या बांधावरच भरायला हव्यात. शेतीच्या वाहिनीला वीज ठराविक तासच असते, आणि पंपासाठी घेतलेल्या जोडणीवरून दुसरे काम करणे नियमात बसत नाही. बॅटऱ्या गावात नेऊन भराव्यात, तर दिवस हेलपाट्यांत जातो. मग उरतो पेट्रोलचा जनरेटर. लिटरमागे दोन युनिट धरले, तर युनिट पन्नास रुपयांच्या घरात जाते. तरीही दिवसाचे चार-पाचशे रुपये एक वेळ परवडतील. परवडत नाही तो जनरेटर विकत घेणे आणि त्याला वाहून नेणारी गाडी. योजनेच्या सामग्रीत दोन्ही नाहीत. आणि वीसऐवजी आठ एकर फवारले म्हणून गटाच्या कर्जाचा हप्ता कमी होत नाही.

या अडचणीवरील एक उपाय शिवारातच उभा आहे. सोयाबीनवर अळी पडते ती जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नेमका त्याच काळात पाऊस बरा असला तर सौर पंप बंद असतो. पाच अश्वशक्तीच्या पंपाची सुमारे पाच हजार वॉटची पॅनेल तेव्हा रिकामी तापत असतात. सरकारी पैशातून उभारलेले एवढे भांडवल ऐन हंगामात निरुपयोगी राहावे, हे दरिद्री प्रदेशाला शोभणारे नाही. आभाळ भरले असता वीज घटते, हे खरे. पण चौथा हिस्सा मिळाला तरी तासाला एक बॅटरी भरेल.

अडचण यंत्राची आहे. साधा कंट्रोलर फक्त पंपच चालवतो. मात्र केंद्राच्या ‘कुसुम’ योजनेने पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, बॅटरी-चार्जर चालवू शकणारा सार्वत्रिक कंट्रोलर पूर्वीच मान्य केला आहे. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला अवघा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के वाटा भरावा लागतो. प्रत्येक गावात अशा दोन-तीन पंपांना तरी हा कंट्रोलर बसवला, तर वाढीव खर्च मोठा नाही. पंपमालकाने बचतगटाकडून बॅटरीमागे किती आकार घ्यावा, हे त्या दोघांनी ठरवावे. पण उद्या कंट्रोलर जळाला, तर पुरवठादार पाच वर्षांच्या हमीतून अंग काढून घेईल, ही पंपमालकाची भीती रास्त आहे. तेव्हा चार्जर जोडल्याने हमी रद्द होणार नाही, हे कलम निविदेतच घालावे लागेल.