ऑफिस बदललं, आता आपली पाळी



मागच्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतली माझी एक मैत्रीण ऑफिसमधून थेट माझ्याकडे आली. पतसंस्थेत बावीस वर्षं नोकरी झालेली, हिशेबाला पक्की. पर्स टेबलावर टाकली आणि म्हणाली, "सगळं नव्या सॉफ्टवेअरवर घेणार म्हणे. कालची आलेली पोरगी मला शिकवणार. त्यापेक्षा राजीनामा देते."

मी चहा ठेवला आणि तिला माझी एक गोष्ट सांगितली. आजवर ती मी घरातसुद्धा नीट सांगितली नव्हती, कारण तिच्यात चूक माझी आहे. आज इथेही सांगते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे की मी एका अनुदानित शाळेत लिपिक होते. शाळेचा लिपिक म्हणजे वर्गात न दिसणारा माणूस. पण जनरल रजिस्टर, शिक्षकांची सेवापुस्तकं, पगारबिलं, आवक-जावक आणि शाळा सोडल्याचे दाखले हे सगळं त्याच्या टेबलावरून जातं. मी लागले तेव्हा मराठी टंकलेखनाला मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागायचा. तो माझ्याकडे होता. अक्षरही चांगलं होतं. जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात लिहिलेला माझा दाखला बघून मुख्याध्यापक सर नव्या लोकांना म्हणायचे, "असा लिहा."

मग बदल येत गेले. टाइपरायटर कापडाखाली झाकून ठेवला आणि कॉम्प्युटर आला. एमएस-सीआयटी केल्याशिवाय वेतनवाढ नाही म्हटल्यावर तीही परीक्षा दिली. श्रीलिपीत हात बसला, तर युनिकोड आलं. जुन्या फाइलमधला मजकूर नव्या ठिकाणी चिकटवला की नुसती अगम्य चिन्हं दिसायची. पगारबिलं शालार्थवर गेली. २०१५ साली सरल आलं आणि प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरायची ठरली. दिवसा साइट उघडायची नाही, म्हणून आम्ही रात्री जागून नावं भरत होतो.

इथवर मी कुरकुरत का होईना, चालत आले. अडले ते पुढे.

एका जूनमध्ये एक आई मुलीचा दाखला मागायला आली. वडिलांना दुसऱ्या गावच्या एमआयडीसीत काम लागलं होतं. मी त्याच दिवशी दाखला लिहिला, सरांची सही घेतली, शिक्का मारला, रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याची तारीख घातली. माझ्या हिशेबाने काम संपलं. पण आता नियम असा होता की नव्या शाळेने पोर्टलवर त्या मुलीची मागणी पाठवायची आणि जुन्या शाळेने ती मंजूर करायची. ते पान मी कधी उघडतच नव्हते. नवा आलेला कनिष्ठ लिपिक दोनदा म्हणाला होता, "मॅडम, ट्रान्सफरच्या रिक्वेस्ट बघायच्या का?" मी दोन्ही वेळा म्हटलं, "बघू नंतर." खरं कारण असं की ते पान मला येत नव्हतं, आणि येत नाही हे माझ्या मुलापेक्षा लहान पोराला सांगायचं नव्हतं.

जुलैच्या शेवटी ती आई परत आली. एसटीचा प्रवास करून, दिवसाची मजुरी बुडवून. म्हणाली, "बाई, दाखला तर तुम्हीच दिला ना? तिथं म्हणतात पोरगी अजून तुमच्याच शाळेत आहे."

मुलीला त्यांनी वर्गात बसवलं होतं. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा तसंच सांगतो. पण त्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. पुस्तकांचे संच यादीप्रमाणे आले होते. चाळीस दिवस ती पोर शेजारच्या मुलीच्या पुस्तकात डोकावून वाचत होती.

तो मुलगा उठला, माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे. तुम्हीच करा, मी सांगतो." खरंच दोन मिनिटं लागली.

दरवर्षी दशलक्षण पर्वात उत्तम मार्दवाच्या दिवशी मी प्रवचनाला बसत आले आहे. रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत, त्यात पहिला ज्ञानाचा. मला वाटायचं, हा मद पंडितांना होत असेल. आपण दाखले लिहिणारी बाई, आपल्याला कुठला ज्ञानाचा गर्व? त्या दुपारी कळलं. माझं अक्षर, माझा वेग, "मॅडमना विचारा" हे सगळ्यांच्या तोंडचं वाक्य, यांनी मी भरले होते. आणि त्याची किंमत मोजली एका सातवीतल्या मुलीने.

आता मला स्पष्ट म्हणायचं आहे ते असं. नव्या पद्धतीला आपण घाबरतो असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा भीती मशीनची नसते. येत नाही हे चारचौघांत कबूल करण्याची असते. ती लाज आपली आपल्यालाच सोडावी लागते. ऑफिसच्या कामात आपल्या टेबलापलीकडे कुणीतरी माणूस उभा असतो, आणि आपण लाजत बसलो की त्याचं काम अडतं.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नवं आलं म्हणजे जुन्या माणसाचं ज्ञान रद्दी झालं, असं समजणारेही चुकतात.

पुढच्याच वर्षी तोच मुलगा आधारवरून माहिती जुळवत होता. एका मुलाची तारीख जुळेना. रजिस्टरमध्ये वेगळी, आधारवर १ जानेवारी. त्याने खोडरबर नाही तरी पेन उचललंच होतं. मी म्हटलं, "अरे थांब." जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख लिपिकाला काय, मुख्याध्यापकांनाही आपल्या मनाने बदलता येत नाही, पुरावा लागतो, खात्याची परवानगी लागते. आणि आधार काढताना पालकांना नुसतं साल सांगता आलं, तर तिथे १ जानेवारी पडते, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण आमच्या पिढीत हेच गुरुजी करायचे. आई-वडिलांना तारीख आठवत नसली की १ जून. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वाढदिवस एकाच दिवशी! आम्ही जन्माचा दाखला मागवला. रजिस्टर बरोबर निघालं. दुरुस्ती आधारमध्ये करून घ्यायला पालकांना पाठवलं.

त्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, हे पोर्टलवर कुठं लिहिलेलं नसतं." नसतंच. पोर्टल तारीख जुळत नाही एवढंच सांगतं. कुठली खरी, ते माणसाला शोधावं लागतं.

माझ्या सासूबाई विहिरीवरून पाणी आणायच्या तेव्हा गाळूनच घ्यायच्या. नळ आला तेव्हा त्यांनी नळाला कापड बांधलं. विहीर सुटली म्हणून हळहळल्या नाहीत आणि नळ आला म्हणून गाळणं सोडलं नाही. काय सोडायचं आणि काय धरायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ऑफिसातही तेवढं कळलं तरी पुष्कळ आहे. वही सुटेल, शाई सुटेल. पडताळून बघायची सवय सोडायची नाही.

आणि थोडं वरच्या लोकांबद्दलही. कर्मचाऱ्यांना बदल नको असतो, असं साहेब लोक म्हणतात. पण एका दिवसाचं प्रशिक्षण, तेही मागच्या रांगेत बसून भिंतीवरचा पडदा बघायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं ऑनलाइन. वर "कागदावरही ठेवा" असतंच. एकच माहिती पोर्टलवर भरायची, तीच वहीत लिहायची, तीच तक्त्यात टाइप करून वर पाठवायची. मग कागद वाचला कुठे? बदल करायचा तर जुनं काम कधी बंद होणार, ती तारीखही सांगा. शिकायला कामाच्या वेळेतला वेळ द्या, रात्रीची झोप मागू नका. आणि जुन्या-नव्या माणसांना शेजारी बसवा. मला वर्गात बसून जे आलं नाही, ते स्टुलावर बसलेल्या मुलाने शिकवलं. त्याला जे मॅन्युअलमध्ये सापडलं नाही, ते माझ्याकडून मिळालं.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं की राजीनाम्याचा कागद महिनाभर कपाटात ठेव. उद्या त्या मुलीला स्वतःहून म्हण, "मला हे येत नाही, दाखवशील?" ती करून दाखवेल तेव्हा माऊस तुझ्या हातात असू दे; नुसतं बघून काही येत नाही. प्रत्येक पायरी वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून ठेव. आणि खातेदारांबद्दल तुला जे ठाऊक आहे ते तिला सांगत जा, हातचं राखू नकोस.

काल तिचा फोन आला. पहिले दोन दिवस रडू आलं म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्या मुलीने विचारलं, "ताई, या दोन खातेदारांचं नाव आणि आडनाव एकच आहे, पैसे कुणाचे?" हिने स्क्रीनकडे न बघता सांगितलं. एक बाजारपेठेतले, एक मळ्यातले, आणि मळ्यातले सही करत नाहीत, अंगठा लावतात.

राजीनामा अजून कपाटातच आहे.

जय जिनेंद्र.